बाठ्यातला प्रश्न

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. अढीतून काढलेला हापूस हातात घेतला. रंग चढलेला, देठाशी खळगा पडलेला, वास माजघरापर्यंत पोचलेला. सुरी लावली आणि बाठ्यालगत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर निघाला. साका. सालीवर त्याची कसलीही खूण नव्हती. हापूस पिकवणाऱ्या माणसाला हे दुःख नवं नाही. पेटी उघडणाऱ्या गिऱ्हाइकापुढे त्याची मान याच एका गोष्टीने खाली जाते.

आदल्या दिवशी रत्नागिरीत बागायतदारांची एक सभा होती. एका वक्त्याने तिथे ठामपणे मांडलं की, कोकणाला उपयोगाचं संशोधन हवं. पेशी कशी चालते, झाड आतून काय करतं, हे प्रश्न पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या संस्थांनी सोडवावेत. आपल्याला कुठलं औषध, किती आणि कधी, एवढं सांगणारा शास्त्रज्ञ पुरे. टाळ्या पडल्या. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस मी, गप्प बसणं शक्य नव्हतं. उठून उत्तर दिलं. त्या उत्तरातला अर्धा भाग मला आज मागे घ्यायचा आहे आणि उरलेला अर्धा अधिक जोराने सांगायचा आहे.

माझं उत्तर नेहमीचं होतं. मूलभूत विज्ञान हे मुद्दल, उपयोग हे त्यावरचं व्याज. मुद्दलच नसेल तर व्याज कुठून येणार? व्हॅनिव्हर बुश यांनी 1945मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना दिलेल्या अहवालापासून जगभरचे प्राध्यापक हेच सांगत आले आहेत. पुरावा म्हणून मी कल्टार पुढे केलं. सभेतल्या बहुतेकांनी ते कलमाला घातलेलं होतं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, कलमाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे 3 मिली, पाण्यात मिसळून बुंध्याभोवती. एक वर्षाआड धरणारा हापूस त्यामुळे दरवर्षी आणि लवकर मोहोरू लागला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात बुरोंडकर आणि गुंजाटे यांनी त्याचे प्रयोग केले आणि 1990नंतर ते बागांमध्ये रुळलं. कल्टारमधलं पॅक्लोब्यूट्राझोल झाडातल्या जिबरेलिन या संप्रेरकाची निर्मिती रोखतं. त्यामुळे पालवीचा जोर थांबतो आणि मोहोराला वाट मिळते. म्हणजे आधी कुणीतरी जिबरेलिन शोधलं, मग कल्टार आलं. आधी मूलभूत, मग उपयोग. सभा संपली. मी जिंकलो असं मला वाटलं.

घरी येऊन जिबरेलिनचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला आणि माझाच पुरावा माझ्यावर उलटला.

जपानच्या भातशेतीत एक रोग होता. रोगट रोप शेजाऱ्यांच्या वर निघायचं, उंच, फिकट, काडीसारखं, आणि पुढे कोलमडायचं. शेतकरी त्याला ‘बाकानाए’ म्हणत, म्हणजे खुळं रोप. 1898मध्ये शोतारो होरी यांनी दाखवलं की हे एका बुरशीचं काम आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने निम्मं काम तिथेच झालं होतं. शत्रू सापडला होता, आता बियाणं त्याच्यापासून वाचवायचं. आमच्या सभेतल्या वक्त्याच्या हिशेबाने संशोधन तिथेच थांबायला हवं होतं.

एइची कुरोसावा तिथे थांबले नाहीत. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं आणि कुरोसावा तिथे भाताच्या रोगांवर काम करत होते. मोठ्या विद्यापीठातल्या निवांत खोलीत बसलेले तत्त्वचिंतक ते नव्हेत. ते शेतीखात्याचे माणूस, भाताचे रोग हीच त्यांची नोकरी. पण त्यांना एक प्रश्न पडला, जो नोकरीने त्यांना विचारला नव्हता. रोग झाला की रोप खुरटतं, सुकतं, मरतं. हे रोप वाढतं कसं? बुरशी झाडाला उंच करते ती कशाने? त्यांनी ती बुरशी द्रवात वाढवली. मग तो द्रव असा गाळला की त्यात बुरशी उरली नाही. तो गाळलेला द्रव निरोगी रोपांना दिला आणि ती रोपंही खुळ्यासारखी वाढली. 1926मध्ये हे प्रसिद्ध झालं. खोडी बुरशीची होती, पण काम करणारा पदार्थ तिच्यापासून वेगळा काढता येत होता.

या प्रयोगाला महागडं यंत्र लागलं नाही. लागली ती एक पायरी पुढे जाण्याची मुभा, किंवा मुभा नसतानाही पुढे जाण्याची जिद्द. 1935मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या पदार्थाला जिबरेलिन हे नाव दिलं. 1938मध्ये त्याचे स्फटिक मिळाले. युद्धानंतर इंग्लंडच्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यावर काम सुरू झालं. 1958मध्ये घेवड्याच्या जातीच्या एका वेलाच्या कोवळ्या बियांत तोच पदार्थ सापडला आणि कळलं की झाडं स्वतःच जिबरेलिन बनवतात, बुरशीने फक्त त्यांची भाषा चोरली होती. पुढे त्याच आयसीआयने जिबरेलिनला अडवणारं पॅक्लोब्यूट्राझोल आणलं. हरितक्रांतीतलं बुटकं भात आपल्याला ठाऊक आहे. ते बुटकं का, याचं कारण 2002मध्ये उलगडलं. जिबरेलिन बनवण्याच्या जनुकात दोष. त्या बुटक्या भातांतलं एक, तायचुंग नेटिव्ह 1, तैवानचंच. खुळ्या रोपाचा आणि बुटक्या भाताचा दुवा एकाच संप्रेरकात निघाला.

मग माझं सभेतलं उत्तर बरोबर कसं म्हणू? जिबरेलिनची सुरुवात शेतातल्या रोगापासून झाली. मुद्दल आधी आणि व्याज नंतर हा क्रम तिथे नाही. पण वक्त्याचा क्रमही तिथे नाही, कारण गरज भागल्यावर जो प्रश्न उरला त्यातूनच सगळं निघालं. मूलभूत आणि उपयोजित अशा दोन जाती मानून आपण भांडतो, तेव्हा दोन्ही बाजू एकच चूक करतात. संशोधन एकच असतं. ते कुठे थांबवलं, एवढाच फरक असतो.

आता साक्याकडे येतो.

साक्याची नोंद जुनी आहे. 1932 आणि 1933मध्ये मुंबई इलाख्यातून युरोपला आंबा पाठवून पाहिला गेला. त्यावरच्या 1934च्या अहवालात चीमा आणि दाणी यांनी हापूसच्या या विकृतीचं वर्णन केलं. तेव्हापासून बागायतदाराला सल्ले मिळत आले. आंबा चौदा आणे तयार झाला की काढा, झाडावर जास्त राखू नका. काढलेला आंबा उन्हात ठेवू नका, तापलेल्या कातळाची धग लागू देऊ नका. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करा. सगळे सल्ले खरे आहेत, मी स्वतः पाळतो. साका त्यांनी कमी होतो, जात नाही. सल्ला ‘काय करा’ हे सांगतो, ‘का होतं’ हे सांगत नाही.

वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र 1957चं. वेंगुर्लं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. तिथे नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ तयार झाली, 1981मध्ये ती लागवडीला आली. रत्नात साका नाही. मग रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 1992मध्ये ‘सिंधू’ आली. तिचा बाठा अगदी पातळ. बिनकोयीचा आंबा म्हणून तिचं कौतुक झालं, आणि तिच्यातही साका नाही. ही दोन्ही कामं थोर आहेत. ज्यांनी ती केली त्यांना जात तयार करायची होती आणि ती त्यांनी केली. त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा माझा हेतू नाही. पण सिंधू हातात घेऊन आपण सगळ्यांनी, मी धरून, एक प्रश्न विचारायला हवा होता. कोय नाही तिथे साका नाही, यात काही संबंध असेल का?

तो प्रश्न बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत विचारला गेला. व्ही. रवींद्र आणि एस. शिवशंकर यांनी 2004मध्ये पुरावा मांडला की साक्याच्या मुळाशी बाठ्यातलं बी आहे. फळ अजून पिकायचं असतानाच आतलं बी रुजण्याच्या तयारीला लागतं आणि भोवतालच्या गराची घडी विस्कटते. उन्हाची धग, उशिरा तोडणी, हे सारं त्या तयारीला चालना देतं. सत्तर वर्षं आपण गराकडे पाहत होतो, गुन्हेगार बाठ्यात बसला होता.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या गावच्या रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या गड्याची आठवण झाली. कोय कलमासाठी तो जूनमध्ये बाठे रुजत घालायचा. खाल्लेल्या आंब्याचा बाठा चार दिवस उन्हात पडला की तो फेकून द्यायचा आणि म्हणायचा, बाठा वाट बघत नाही. भात, कुळीथ, पावटा वर्षभर कणगीत राहतात. आंब्याची कोय झोपत नाही. ती सुकली की मेली, ओल मिळाली की उठली. कोय कलमाचा सगळा धंदा तिच्या या उतावीळपणावर उभा आहे. साका हाही त्याच उतावीळपणाचा परिणाम. म्हणजे उत्तराचं एक टोक सिंधूच्या पातळ बाठ्यात होतं आणि दुसरं आमच्या गड्याच्या बोलण्यात. दोन्ही टोकं कोकणात. गाठ बंगळुरूत मारली गेली. का? तिथल्या माणसाला ‘का’ विचारण्याचा पगार मिळतो. इथल्या माणसाला ‘किती मिली’ सांगण्याचा मिळतो.

माझं दुखणं हे आहे. कोकण हे नमुने गोळा करण्याचं ठिकाण मानलं गेलं आहे. विजयदुर्गाचं उदाहरण घ्या. हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्गावर लागला, असं अभिमानाने सांगितलं जातं. ते खरं नाही. सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा 1868मधली. त्या वर्षीच्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून निरीक्षण केलं आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून. पृथ्वीवर हेलियम सापडला तो 1895मध्ये, रॅम्झी यांना. लॉकयर विजयदुर्गावर आले ते 22 जानेवारी 1898च्या ग्रहणासाठी. ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी हाताशी घेऊन त्यांनी दोन मिनिटांचा अंधार टिपला. ते गेले, दुर्बिणींसाठी बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ राहिले. आपण त्या ओट्यांचा अभिमान धरतो. प्रश्न मात्र त्यांच्यासोबत आले आणि त्यांच्यासोबतच गेले. त्याच वर्षी होरींना भातातली बुरशी सापडली होती. खुळ्या रोपाचा प्रश्न त्याच मातीत राहिला आणि पुढे फळला.

इथल्या माणसांना प्रश्न पडत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी सह्याद्रीतल्या नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधला. त्याचा बाजारभाव शून्य होता. त्याच माणसाने पुढे 1946मध्ये पुण्यात संशोधन संस्था उभी केली, आणि आज तीच संस्था आमच्या कोकणातल्या सड्यांवरच्या वनस्पतींचा अभ्यास करते. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं शोधत हिंडले, तेव्हा त्यांना कुणी उपयोग विचारला असता तर काय सांगितलं असतं? सरकारदरबारी तो कातळ पडीकच होता. 2022मध्ये ती शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

समोरच्या बाजूचा सर्वांत मोठा आक्षेप मी टाळणार नाही. फुलकिड्यांनी मोहोर जाळलेला बागायतदार सत्तर वर्षं थांबू शकत नाही. त्याच्या डोक्यावर या हंगामाचं कर्ज आहे. त्याला या आठवड्यात फवारणी सांगणारा माणूस हवा, आणि तो त्याला मिळालाच पाहिजे. हे मी मनापासून मान्य करतो. पण फवारणीचा सल्ला दरवर्षी बदलावा लागतो, कारण कीड औषधाला का दाद देत नाही हे खोलात जाऊन पाहणारा माणूस आपण नेमलेला नसतो. ‘का’ न विचारल्याची किंमत बागायतदारच दर हंगामाला मोजतो.

2020-21मध्ये भारताने संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च केला. 2025च्या जुलैत केंद्राने संशोधन, विकास आणि नवोपक्रमासाठी एक लाख कोटींच्या निधीला मंजुरी दिली. स्वागत आहे. पण तो निधी आहे मुख्यतः प्रयोगशाळेतून बरंच पुढे आलेल्या तंत्रज्ञानासाठी. पहिल्या पायऱ्या कोण बांधणार, हा प्रश्न उरतोच. वलसाडच्या हापूसला स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळावं या मागणीवरून 2025मध्ये कोकण संतापलं. 2018मध्ये आपल्याला मानांकन मिळालं खरं, पण आपला हापूस वेगळा कशाने, हे सभेतल्या घोषणा सिद्ध करणार नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दापोली, देवगड आणि गुजरातमधल्या व्याऱ्याच्या हापूसमधली सुगंधी द्रव्यं मोजून ठिकाणागणिक फरक दाखवला, तो 2012मध्ये छापला गेला. उद्या वादात उभं राहायला असंच संशोधन लागेल. तेव्हा हे कुणी का मोजत बसलं, असं विचारायला कुणी उठणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दापोलीला, शिरगावला, भाट्याच्या नारळ केंद्राला, वेंगुर्ल्याला जे जे उपयोजित काम दिलं जातं, त्या प्रत्येकात एका विद्यार्थ्याला ‘का’ विचारण्यासाठी वेळ, पगार आणि अपयशी ठरण्याची मुभा द्या. आणि बागायतदारांनी ती मुभा मागावी. औषधावरच्या अनुदानासाठी आपण जसे मोर्चे काढतो, तसे यासाठीही काढावेत.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. चाळीस वर्षं साक्याचा आंबा बाठ्यासकट उकिरड्यावर फेकत आलो. या मे महिन्यात फेकला नाही. बाठा धुतला, कोयत्याच्या टोकाने उकलला, आतली कोय पाहिली, तिचं चित्र काढलं, आणि कुठल्या कलमाचा, किती तारखेला काढलेला, हे वहीत लिहिलं. सतरा बाठ्यांची नोंद झाली आहे. सतरा ही काही मोठी संख्या नाही. जिल्ह्यातल्या शंभर बागायतदारांनी येत्या हंगामात एवढंच केलं तर ती सतराशे होईल. साका निघाला की बाठा फेकू नका. फोडा, आणि जे दिसेल ते लिहून ठेवा.