पाच-नऊ

मोडनिंबात वीज गेली की सगळी आळी चुकचुकते. आमच्या शेजारचे काका तेवढे खूष होतात. पाण्याच्या मोटारी, पंखे, मोबाइलचे चार्जर एकदम गप्प झाले की त्यांच्या रेडिओतली खरखर ओसरते. मग ते आपले यंत्र मोटारसायकलच्या बॅटरीला जोडतात, कानांवर हेडफोन चढवतात आणि अंधारात हाक घालतात. ती कुणा एकाच्या नावाने नसते. जो ऐकत असेल त्याच्यासाठी असते.

काकांना हौशी रेडिओचा नाद आहे. ह्या नादिष्टांना 'हॅम' म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, आणि मिळाल्यावर त्यावरून पैशाअडक्याचे, व्यापाराचे बोलायला मनाई! अंगणातल्या कडुलिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत त्यांनी वीस मीटर तांब्याची तार ताणली आहे. ते त्यांचे एरियल. यंत्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेले. शक्ती अवघी पाच वॅट, म्हणजे माझ्या टेबलावरच्या दिव्याहून कमी. पण दिवसा ह्या लहरी गिळून टाकणारा वातावरणाचा एक थर रात्री विरतो, आणि त्याच्याही वरचा थर त्यांना पुन्हा जमिनीकडे परतवतो. म्हणून मोडनिंबची हाक रात्री फार लांब जाते.

एकदा मी जवळ बसलो असता पलीकडून कुणी उत्तर दिले. काका म्हणाले, "तुमचा रिपोर्ट ३३." मी अर्थ विचारला. ह्या मंडळींत भेट झाली की आधी 'तुम्ही मला कसे ऐकू येता' हे सांगायचे. पहिला आकडा बोलणे किती समजते त्याचा, एक ते पाच. दुसरा आवाजाच्या जोराचा, एक ते नऊ. उत्तमात उत्तम म्हणजे ५९.

मला ते जरा तुसडेपणाचे वाटले. दूरचा माणूस, चार घटकांची ओळख. ५९ म्हटले असते तर काय बिघडले असते? काका हसले. "त्याची तार कुठं तुटली आहे हे त्याला कसं कळावं, मास्तर? आपला आवाज इथं कसा येतो ते त्याला तिथं बसून ऐकू येत नाही." आणि पुढचा अर्धा तास ते त्याच्याशीच बोलत राहिले. एरियलचे टोक उंच बांधून बघा, आता बोला, पुन्हा बोला. शेवटी ४५ झाले तेव्हा दोघांनाही कोण आनंद!

ह्या जगातही खोटे ५९ आहेतच. स्पर्धांमध्ये एकमेकांना सरसकट ५९ देण्याची रीत आहे, मग आवाज येवो न येवो. खेळात ते चालून जाते. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी कोसळली, (मी तेव्हा शाळकरी पोर, इथेही आम्ही अंथरुणातून अंगणात धावलो होतो) त्यानंतर मदतीचे निरोप पोचवायला हौशी रेडिओवाले पुढे आले. डिसेंबर २००४मध्ये त्सुनामी आली तेव्हा ह्याच छंदापायी अंदमानात गेलेल्या भारती प्रसाद यांच्या केंद्रावरून बेटांची खबर मुख्य भूमीवर गेली. तिथे कुणी भिडेखातर ५९ म्हटले असते तर?

भीड! हा शब्द मला टोचतो. माझा एक विद्यार्थी आयटीआयमध्ये मोटार दुरुस्ती शिकत होता. त्याने कथांची वही मला आणून दिली. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून. मी दोन पाने चाळली आणि वही परत देताना म्हणालो, "छान आहे. लिहीत राहा." एवढ्यावर तो शिक्षण सोडून पुण्याला गेला. पाच वर्षांनी परतला. कथाही साऱ्या ठिकाणांहून परतल्या होत्या. आता हमरस्त्यावरच्या हॉटेलात तो गिऱ्हाइकांना चहा देतो. मला पाहिले की टेबल स्वतः पुसतो. मागच्या महिन्यात म्हणाला, "गुरुजी, तुम्ही तरी एकट्यानं चांगलं म्हणालात." चहा घशाखाली उतरेना.

दयेपोटी मी खोटे बोललो असतो तर निदान दयेचे तरी पुण्य लागले असते. मी बोललो आळसापोटी. आणि आता खरे सांगावे, तर त्याच्याजवळ उरलेले तेवढेच एक हिरावून घ्यायचे; न सांगावे, तर त्याने आयुष्यभर माझ्या खोट्यावर जगायचे. कित्येक दिवस ह्या पेचातून मला वाट दिसेना.

शेवटी काकांना सगळे सांगितले. त्यांनी हेडफोन काढला आणि एवढेच विचारले, "तो अजून बोलतोय का? लिहितोय का?"

हे मी त्याला कधी विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले. तो लाजला. रात्री हॉटेल बंद झाल्यावर लिहितो म्हणाला.

वही मागून आणली आहे. आता दोन झाल्या आहेत. एकंदर तेरा कथा. पहिल्या चार वाचताना मी जांभया दिल्या, हे त्याला सांगितले आहे. तो गप्प राहिला, पण दुसऱ्या दिवशीही टेबल त्यानेच पुसले. काल रात्री सहावी वाचली. तीत एका म्हातारीचे दोन परिच्छेद आहेत, ते स्वच्छ ऐकू आले.