‘इतकीच’ हुशार

वाशीम–पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात, मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजीची ‘डिग्री’ (तुलनेची रूपे) शिकवायला घेतली की फळ्यावर आधी ‘ॲज टॉल ॲज’ येते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे; पण या रचनेचा खरा कस लागतो तो पुढे परीक्षेतल्या ‘डू ॲज डायरेक्टेड’च्या (सूचनेप्रमाणे वाक्य बदला) प्रश्नांत. कळसूबाई हे राज्यातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचे. तेच वाक्य ‘पॉझिटिव्ह’मध्ये, म्हणजे साध्या रूपात, न्यायचे, तर ‘राज्यात कळसूबाईइतके उंच दुसरे शिखर नाही’ असे फिरवावे लागते. सूचना एकच: अर्थ बदलता कामा नये.

शिखरांच्या बाबतीत हे जमते. माणसांच्या बाबतीत अवघड होते.

‘मीना राजूइतकी हुशार आहे’ आणि ‘राजू मीनाइतका हुशार आहे’ ही वाक्ये गणिताच्या हिशेबाने एकच. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र पहिल्या वाक्यात राजू हा मापदंड ठरतो आणि मीनाला त्या मापाला उतरावे लागते. ‘मीना राजूइतकी हुशार नाही’ म्हटले, तर ती जास्त हुशार असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. ती कमीच, असे सगळे धरून चालतात.

मानसशास्त्रज्ञ अमोस ट्वर्स्की यांनी १९७७ मध्ये हाच कल दाखवून दिला. ‘उत्तर कोरिया चीनसारखा आहे’ हे वाक्य बहुतेकांना पटले. ‘चीन उत्तर कोरियासारखा आहे’ हे पटले नाही. जे मोठे, ठळक, ते आपोआप मापाच्या जागी बसते. २०१८ मध्ये संशोधक एलेनॉर चेस्टनट आणि एलेन मार्कमन यांनी त्यापुढची गोष्ट तपासली. ‘मुली गणितात मुलांइतक्याच चांगल्या’ असे वाचलेल्यांना मुलांमध्येच उपजत क्षमता जास्त असावी असे वाटू लागले. वाक्य लिहिणाऱ्याचा हेतू समतेचाच होता, तरीही.

वऱ्हाडात शेतात राबणाऱ्या लेकीचे कौतुक ‘पोरावानी काम करते’ असे होते. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, अभिमान असतो. पण सोयाबीनच्या सोंगणीला वाकलेल्या त्या पोरीचे कष्ट तिच्या नावावर जमा होत नाहीत. ते एका न दिसणाऱ्या पोराच्या मापाने मोजले जातात. ‘पोरगा पोरीवानी जबाबदार आहे’ असे कौतुक क्वचितच कानावर पडते.

इलाज व्याकरणातच आहे. ‘मुली आणि मुलगे गणितात सारखेच चांगले’ अशी मांडणी करता येते. दोन्ही नावे एकाच कर्त्यात आली की माप कोणाच्याच हाती राहत नाही. ‘ॲज टॉल ॲज’ शिकवताना शिक्षकांनी फळ्यावर तीन वाक्ये लिहावीत: मीना राजूइतकी, राजू मीनाइतका, दोघे सारखेच. मग वर्गाला विचारावे, यांतल्या कोणत्या वाक्यात अर्थ बदलला? या प्रश्नाला गुण नसले, तरी तासातली पाच मिनिटे त्याला जरूर द्यावीत.