‘नाही’ हे कशाने कळते?

एखादी वस्तू आहे हे डोळ्यांना दिसते; पण ती नाही, हे नेमके कशाने कळते, या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’, म्हणजे जी वस्तू आढळायला हवी ती न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले. नैयायिकांनी अभाव हा खरा पदार्थ आहे असे मान्य केले, परंतु त्याच्या ज्ञानासाठी वेगळ्या साधनाची गरज नाकारली. आणि प्रभाकराच्या अनुयायांनी अभाव असा काही निराळा पदार्थच नाही, रिकामी जमीन हेच घटाचे नसणे, असा पक्ष घेतला. हा वाद पाठशाळेपुरताच आहे असे समजण्याचे कारण नाही. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कॅरारो इंडियाच्या कारखान्यात ट्रॅक्टरांचे आणि बांधकाम यंत्रांचे अ‍ॅक्सल बनतात, आणि त्याच परिसरात पाया खणणारी एखादी पोकलेन अचानक थांबते आणि तिच्या पडद्यावर ‘इंजिनकडून संदेश मिळत नाही’ अशा अर्थाचा कोड उमटतो, तेव्हा मेकॅनिकपुढे उभा राहणारा प्रश्न याच जातीचा असतो.

आजच्या पोकलेनमध्ये इंजिन, हायड्रॉलिक पंप आणि केबिनमधला डिस्प्ले यांचे स्वतंत्र कंट्रोलर, म्हणजे छोटे संगणक, असतात आणि ते पीळ दिलेल्या दोन तारांवरून एकमेकांना संदेश धाडतात. या व्यवस्थेला कॅन म्हणतात. ती जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली मोटारींसाठी जगापुढे मांडली, आणि ट्रक व अवजड यंत्रे यांच्यासाठी तिच्यावर जे-१९३९ हा प्रमाणित संकेत उभा राहिला. इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा या तारांवर सेकंदाला कितीतरी वेळा फिरत असतो आणि तो ठरलेल्या मुदतीत आला नाही, की ऐकणारा कंट्रोलर कोड नोंदवतो. त्या कंट्रोलरने तुटलेली तार पाहिलेली नसते, बिघडलेले इंजिनही पाहिलेले नसते. त्याच्यापाशी असते ती केवळ पूर्ण न झालेली अपेक्षा, आणि एवढ्यापुरते पाहिले तर यंत्र कुमारिलांच्या बाजूचे साक्षीदार ठरते.

तथापि या कोडचा अर्थ लावण्यासाठी सर्वांत धारदार साधने नैयायिकांचीच आहेत. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’त, ज्याची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ साली काढली, अभावाच्या चर्चेतील परिभाषा सविस्तर उलगडलेली आहे. नुसता अभाव असा कधीच नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कुठेतरी असतो. ज्याचा अभाव तो ‘प्रतियोगी’, जिथे अभाव ते ‘अधिकरण’, आणि ज्या संबंधाने ती वस्तू तिथे असायला हवी होती तो ‘संसर्ग’. घट शेजारच्या खोलीत धड असला, तरी या जमिनीशी त्याचा संयोग नाही म्हणून जमिनीवर घटाभाव आहे. पोकलेनच्या कोडमध्ये तक्रार नोंदवणारा कंट्रोलर हा अधिकरण असतो, न आलेला संदेश हा प्रतियोगी असतो, आणि दोन तारा, त्यांचे कनेक्टर, त्यांचा वीजपुरवठा हा संसर्ग असतो. मेकॅनिकच्या हातून वारंवार घडणारी चूक अशी, की कोड ज्याच्या नावाने दिसतो तोच कंट्रोलर बिघडला असे धरून तो बदलला जातो, म्हणजे अधिकरणालाच प्रतियोगी समजले जाते. साक्ष देणाऱ्यालाच शिक्षा होते, मालकाचे पैसे जातात आणि यंत्र दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कोड दाखवते.

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील दोन इथे थेट उपयोगी पडतात. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचे नसणे हा प्रागभाव. चावी फिरवल्यानंतर एखादा कंट्रोलर जागा होईपर्यंत त्याचे संदेश नसतात, आणि तेवढ्या क्षणांत नोंदलेला कोड हा बिघाड नसतो. वस्तू होती आणि नष्ट झाली हा प्रध्वंसाभाव. तासभर नीट चाललेले यंत्र बूम उचलताना थांबते, तेव्हा हालचालीने ताणल्या जाणाऱ्या हार्नेसकडे, म्हणजे तारांच्या जुडग्याकडे, बोट जाते.

भाट्टांनी, म्हणजे कुमारिलांच्या अनुयायांनी, अनुपलब्धीला घातलेली एक अट सर्वांत मोलाची आहे आणि तिला योग्यता म्हणतात: वस्तू तिथे असती तर नक्की आढळली असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न आढळणे हा तिच्या नसण्याचा पुरावा होतो. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे म्हणता येत नाही. रांजणगावच्या महागणपतीची मूळ मूर्ती तळघरात आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. गाभाऱ्यात दर्शन घेणाऱ्याला ती दिसत नाही, पण बंद तळघराविषयी ते न दिसणे काहीच सिद्ध करत नाही, ना तिचे असणे, ना नसणे, आणि म्हणूनच तिथे श्रद्धेला आपली जागा राहते. मेकॅनिकला मात्र तळघर उघडता येते आणि ते उघडणे हे त्याचे कर्तव्य आहे. स्कॅनरवर एखादा कंट्रोलर दिसला नाही, तर आधी त्याला वीज मिळते का, त्याचा फ्यूज शाबूत आहे का आणि स्कॅनर त्या लाइनच्याच वेगाने ऐकतो आहे का, हे पाहावे लागते. हे पाहिल्याशिवाय ‘कंट्रोलर मेला’ हा निर्णय अंधाऱ्या खोलीतल्या घटासारखा असतो. शिवाय कॅनमध्ये स्वतःच्या चुका मर्यादेबाहेर गेल्या की कंट्रोलर स्वतःहून तारांवरून बाजूला होतो, त्यामुळे मौन हे नेहमीच मरण नसते.

संसर्गाची परीक्षा साधी आहे. मुख्य कॅन लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, आणि हे दोन रोधक समांतर जोडलेले असल्याने बॅटरी बंद करून तपासणीच्या कनेक्टरमध्ये दोन तारांदरम्यान मीटर लावला, की जवळपास ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा एका टोकाचा रोधक निघाला आहे. शून्याजवळ दिसले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ४० दिसले तर कोणीतरी तिसरा रोधक बसवून ठेवला आहे. त्यानंतर कनेक्टर एकेक करून उघडले जातात, आणि पावसाळ्यानंतर पुष्कळदा एखाद्या पिनेवर हिरवट गंज किंवा पाण्याचा थेंब सापडतो, म्हणजे प्रतियोगीही धड, अधिकरणही धड, आणि मधला संबंध तेवढा कुजलेला. अशा बिघाडाला ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि नवे रबरी सील एवढेच लागते. म्हणून रांजणगावातील असो वा कुठलाही, यंत्र दुरुस्त करणाऱ्याने कोड वाचल्यावर आधी ‘हे कोण सांगतो आहे, आणि कोणाविषयी’ एवढे कागदावर लिहावे, आणि मीटरवर ६० ओहम दिसेपर्यंत एकाही कंट्रोलरचा बोल्ट सैल करू नये.