टाळकऱ्याचं मागणं

हे पांडुरंगा,

कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी लोणावळ्यातून उतरून आमच्या भातखाचरांजवळून जाते आणि पुढे देहू-आळंदीला पोचते. तिच्या काठी तू मला पोटापुरतं भात दिलंस, आणि तुझं नाव घ्यायला हातात टाळ दिलास. हे सगळं मिळूनही माझं मन दुसऱ्याच्या वाट्याकडे बघतं. ते मन घेऊनच आज तुझ्यापुढे उभा आहे.

देवा, तुला ठाऊक आहे, सप्ताहात कीर्तनाला बुवांच्या मागे आम्ही ओळीने उभे असतो. दोन-तीन तास उभं राहून पोटऱ्या भरून येतात, टाळाची दोरी बोटाला काचून लाल वळ उठतो. बुवांचा स्वर चढला की टाळही चढवायचा, त्यांनी निरूपणाला हात वर केला की त्याच क्षणी थांबवायचा. शेवटी हार बुवांच्या गळ्यात पडतो, आणि पडावाही. पण हल्ली ते बुवा म्हणजे माझ्याच बरोबरीचा, माझ्याच आळीतला गडी आहे. टाळ आम्ही एकत्रच शिकलो. त्याला तू गळा दिलास, वाणी दिलीस. आता त्याला गावोगावची बोलावणी येतात. त्याने चाल धरली की मंडप डोलतो आणि माझ्या छातीत काहीतरी आवळतं. त्याचा सूर जरासा ढळला की मला बरं वाटतं. विठ्ठला, ते बरं वाटणं माझ्यातून काढून घे. बाकीचे दोष मी झाकू शकतो, पण हा तुझ्या नावाच्या गजरात उभं राहून घडतो.

जमिनीच्या बाबतीतही जीव असाच कुरतडतो. द्रुतगती मार्ग झाला, बांधापलीकडच्यांनी रानं विकली, त्यांच्या दारात गाड्या आल्या. मी अजून आषाढात गुडघाभर चिखलात वाकून इंद्रायणी भाताची आवणी करतो. त्यांचं त्यांना लाभो. माझ्या खाचरात पाणी राहू दे आणि वाकलेल्या पाठीला बळ दे.

पांडुरंगा, आमच्याच मावळात सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. चाकणचे तेली, घाणा चालवणारे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबांच्या मुखातून अभंग निघाला की तो कागदावर उतरवून घ्यायचा, हे काम त्यांनी पत्करलं. माझ्यासारख्याला रोज वाटलं असतं की आपल्या तोंडून असं का निघत नाही? संताजींनी घाणाही सोडला नाही आणि लेखणीही. त्यांचे स्वतःचे अभंगही घाण्याचेच आहेत. जे काम हाताशी होतं, त्यातच त्यांना तू सापडलास. त्यांच्या घराण्यात जपलेल्या वह्यांवरून वि. ल. भाव्यांनी १९१९-२० साली तुकोबांचा गाथा छापला. तुकोबा १६५० मध्ये वैकुंठाला गेले. इतकी वर्षं ती अक्षरं एका तेल्याच्या घरात राहिली. सांगतात की संताजींना समाधी देताना मुख काही केल्या मातीआड जाईना. मग तुकोबा स्वतः आले आणि त्यांनी मूठमाती दिली. ही कथा ऐकताना माझा कंठ दर वेळी दाटतो. लिहून घेणाऱ्यासाठी गाणारा वैकुंठातून परत आला, देवा.

आणि वाघोलीचे रामेश्वरभट्ट. विद्वान माणूस. शूद्राच्या तोंडून वेदांचा अर्थ निघतो, लोक त्याच्या पायी लागतात, हे त्यांना सोसवलं नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लागल्या, त्यामागे तेच होते असं परंपरा सांगते. पुढे त्यांच्या सर्वांगाचा दाह होऊ लागला, तो कशानेच शमेना. तुकोबांना शरण गेल्यावरच शमला. ज्याचा त्यांनी द्वेष केला, त्याचेच ते झाले, आणि त्याची आरतीही त्यांनीच रचली. आजही देहूत ती म्हणतात. माझा दाह एवढा मोठा नाही, पण जात तीच आहे. तो फार वाढण्याआधीच मला त्यांच्या वाटेने ने. ज्याचा हेवा वाटतो, त्याची स्तुती माझ्या तोंडून आधी निघू दे, आणि ती खरी असू दे.

मला गळा मागू देऊ नकोस. माझ्या टाळाचा ठोका चुकू देऊ नकोस. नव्याने शिकायला येणाऱ्या पोरांचे हात हातात धरून मला ठेका दाखवता येऊ दे, आणि त्यातला एखादा माझ्यापुढे गेला तर त्याच्या बापाइतकाच आनंद मला होऊ दे.

माघ शुद्ध दशमीला भंडाऱ्याच्या डोंगरावर मोठा सोहळा असतो. तिथे एकदा माझ्या त्या आळीतल्या गड्याचं कीर्तन व्हावं, विठ्ठला. डोंगरावरची थंडी घशाला धरते, ती त्याच्या घशाला लागू देऊ नकोस. त्याचा शब्द अडू देऊ नकोस, श्वास पुरू दे. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माउल्यांना त्याचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू जाऊ दे. मला त्याच्या मागच्या ओळीत, कोणत्याही टोकाला, उभं कर.