डब्यातलं काय काढता येऊ नये?

घरी ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या माणसाला सर्किटाबद्दल विचारा, तो रात्री दोन वाजेपर्यंत बोलेल. कॅबिनेटचं काय, असं विचारा, तो विषय बदलेल. बोर्ड जुळवायला एक रविवार पुरतो. डब्याला सहा महिने लागतात आणि बहुतेकदा तो होतच नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तयार कॅबिनेटं मिळतात, पण त्यांच्या दर्शनी पट्टीवर ‘इको’, ‘माइक १’, ‘माइक २’ असं आधीच छापलेलं असतं. तुमच्या ॲम्पमध्ये इको नसला तर ते भोक रिकामं ठेवायचं, नाहीतर कशालाही न जोडलेली नॉब बसवायची. माझ्याकडे अशा दोन नॉब आहेत. पाहुणे त्या फिरवतात आणि फरक पडला म्हणतात.

मामासाठी बनवलेला ॲम्प मी एका मेलेल्या व्हीसीआरच्या डब्यात बसवला होता. एलएम ३८८६ नावाची चिप, प्रत्येक चॅनलला एक. चांगला थंडावा दिला तर ही चिप ४ ओहमच्या स्पीकरला ६८ वॅट देते, आणि मामाच्या सदाशिव पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीला त्याच्या दहाव्या हिश्श्यातही भागलं असतं. आवाज छान होता. फक्त मामाच्या कॉम्प्युटरला जोडला की ५० हर्ट्झची घुंई सुरू व्हायची. कॉम्प्युटरला अर्थिंग, ॲम्पला अर्थिंग, दोन्ही ऑडिओ केबलनं एकमेकांना बांधलेले. त्या वेटोळ्यातून करंट फिरतो आणि तो स्पीकरमधून ऐकू येतो. भीमसेन जोशींचा षड्ज लागायच्या आधी हिचा लागायचा. दोन रविवार मी डोकं आपटलं. तिसऱ्या रविवारी पत्र्याला जोडलेली हिरवी वायर कापली. घुंई थांबली.

मामा म्हणाला, “आता कसं स्वच्छ वाजतंय बघ!”

मी काय केलं होतं ते मला माहीत होतं. पत्र्याचा डबा अर्थ केलेला असतो तो अशासाठी, की आत २३० व्होल्टची वायर कधी सुटून पत्र्याला टेकली तर करंट जमिनीकडे जावा, फ्यूज उडावा, आणि डब्यावर हात ठेवणाऱ्या माणसाच्या अंगातून त्यानं वाट काढू नये. हे मी तेव्हाही दुसऱ्याला समजावून सांगू शकलो असतो. पण मी मनात म्हटलं, तात्पुरतं आहे. ‘तात्पुरतं’ या शब्दाचा आधार घेऊन माणूस किती वर्षं काढू शकतो, यावर वेगळा लेख होईल.

मामा गेल्यावर ॲम्प त्याच्याकडे तबला शिकणाऱ्या एका मुलाकडे गेला. ते मला ठाऊकही नव्हतं. काही वर्षांनी त्याचा फोन आला, “दादा, एक चॅनल बंद पडलाय, बघता का?” मी त्याच्या घरी गेलो. ॲम्पच्या खाली रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला होता. मी विचारलं, हे काय? तो अगदी सहज म्हणाला, “हात लावला की मुंग्या येतात ना. गणपतीत ओल्या हाताला जरा जास्तच येतात. म्हणून खाली चपला ठेवतो आणि बंद करताना पायातही घालतो.”

त्यानं तक्रार केली नव्हती. त्यानं दोषाशी जुळवून घेतलं होतं, आणि मामाचा ॲम्प आहे म्हटल्यावर तो असाच असणार, असं धरून चालला होता.

मी डबा उघडला. माझा बोर्ड त्यात नव्हताच. मधल्या काळात तो जळला होता आणि कुणा दुरुस्तीवाल्यानं टीडीए ७२९४ चा तयार बोर्ड बसवला होता. कपॅसिटर नवे होते, मागची सॉकेटंही. मुंग्या येत होत्या त्या ट्रान्सफॉर्मरमधून होणाऱ्या किरकोळ गळतीमुळे. त्यानं सहसा कुणी मरत नाही. पण मागच्या भोकात मी रबरी बुश बसवला नव्हता, आणि पत्र्याच्या धारेनं मेनच्या वायरीचं आवरण इतकं घासलं होतं की आतलं तांबं चमकत होतं. पत्र्याला टेकायला एखादा मिलिमीटर उरला असेल. मामाकडे निदान ऑडिओ केबलच्या जाळीतून, कॉम्प्युटरच्या वाटेनं, डब्याला चोरपावलांनी का होईना अर्थ मिळत होता. हा मुलगा मोबाइलवरून गाणी लावायचा. त्याच्याकडे तीही वाट नव्हती.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, की आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी ठरतं की हे सगळं एकत्र आलं की त्याला रथ असं नुसतं नाव पडतं. मला हा संवाद फार आवडतो, पण त्या दिवशी त्यानं दिलासा दिला नाही. बोर्ड माझा नाही, कपॅसिटर माझे नाहीत, वाजवणारा मी ज्याच्यासाठी बनवलं तो नाही. मग हा ॲम्प ‘माझा’ कशावरून? माझं म्हणावं असं त्यात उरलं होतं ते एक कापलेलं हिरवं टोक. नाव गेलं, भाग गेले, चूक तेवढी जागेवर होती.

त्यानंतर आम्ही चौघांनी एक ठरावीक चासी करायला घेतली. कोणताही बोर्ड आज बसवावा, पाच वर्षांनी काढून दुसरा बसवावा, डबा तोच राहावा. हौशी लोकांत ही कल्पना काही नवी नाही. १९ इंची रॅक टेलिफोनच्या जमान्यापासून आहे आणि त्यातलं एक घर आजही ४४.४५ मिमी उंचीचं असतं. १०० बाय १६० मिमीचं युरोकार्डही जुनंच. भोसरीतल्या एका पत्र्याच्या वर्कशॉपवाल्यानं आम्हाला सरळ सांगितलं, “एक नग सांगाल तर सेटिंगचेच पैसे जातात, दहा घ्या.” म्हणजे प्रमाणीकरण आमच्या तत्त्वनिष्ठेतून आलं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण दहा डबे करायचे म्हटल्यावर, कुणाच्या हातात जातील ते माहीत नसलेल्या माणसांचा विचार करावा लागला, आणि तिथे खरी भांडणं झाली.

काय बदलता यावं, यावर फार वाद झाला नाही. तळाच्या पत्र्यावर १० मिमी अंतरावर भोकांची जाळी. मागची बाजू एकसंध न ठेवता छोट्या प्लेटा, म्हणजे सॉकेट बदललं तर प्लेटच बदलायची. हीटसिंकला आडवी पट्टी, तिच्याखाली कुठलीही चिप दाबून बसवता येईल.

वाद झाला तो काय बदलता येऊ नये यावर. मी म्हटलं, अर्थिंगचा बोल्ट नको, पत्र्याला वेल्ड केलेला स्टड हवा, आणि त्याच्याभोवती पावडर कोटिंग होऊ द्यायचं नाही. रंगावर वॉशर घट्ट बसतो, दिसायला जोडणी झक्क दिसते आणि करंट जात नाही. आमच्यातला एक मित्र वैतागला. “घरी बनवायचं ते आपल्याला हवं तसं करता यावं म्हणून. तूच आता कंपनीवाल्यासारखा कुलपं लावायला लागलास. ज्याला वायर काढायची तो स्टडवरूनही काढेल.”

त्याचं दुसरं वाक्य बरोबर होतं. पानं हातात असलेल्या माणसाला कुठलाही स्टड अडवू शकत नाही. आणि मला तर माहीत होतं की तो माणूस अडाणी असेलच असं नाही. तो मी असू शकतो, तिसऱ्या रविवारी, घुंईला कंटाळलेला. त्याला ‘हे काढू नका’ असं लिहून उपयोग नव्हता. मला कुणी लिहून दिलं असतं तर मी ते वाचून वायर कापली असती.

म्हणून स्टडच्या शेजारीच आम्ही एक छोटा बोर्ड कायमचा बसवला. डबा सरळ अर्थला. सिग्नलची जमीन मात्र १० ओहमचा रेझिस्टर आणि उलटसुलट जोडलेल्या दोन जाड डायोडमधून डब्याला. नेहमीच्या वेळी रेझिस्टर त्या वेटोळ्यातला करंट रोखतो, घुंई होत नाही. काही बिघडून मोठा करंट आला तर डायोड त्याला वाट देतात. ही जुनी, सर्वांना ठाऊक असलेली युक्ती आहे. त्या काळी मी शोधली असती तर सापडली असती.

इथे मला अजून न सुटलेला प्रश्न आहे. घुंईच होणार नाही, तर वायर कापायचा मोह होणार नाही. पण ज्याला मोहच झाला नाही, त्याला ती वायर कशासाठी आहे हे कधी कळणार? हौसेनं बनवण्यात जे शिकणं असतं, ते आम्ही सुरक्षिततेच्या बदल्यात त्याच्याकडून काढून घेतलं का? मित्र म्हणतो, घेतलं. मी त्याला आपल्याकडच्या तीन पिनांच्या प्लगकडे बोट दाखवतो. अर्थची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लावताना ती आधी लागते, काढताना शेवटी सुटते. ज्यानं हे ठरवलं त्यानं आपल्याला काही शिकवलं नाही. ती पिन लांब का, हे आपल्यातल्या बहुतेकांनी विचारलंही नाही, आणि आपण जिवंत आहोत. मित्राचं यावर म्हणणं असं, की प्लग कुणी उघडून सुधारत बसत नाही, ॲम्प बसतो. त्यालाही माझ्याकडे चोख उत्तर नाही. मधला मार्ग म्हणून आम्ही झाकणाच्या आतल्या बाजूला पातळ खण केला. त्यात सर्किटाचा कागद आणि पेनानं लिहिलेलं पान: कुणी, कधी, काय बदललं, आणि का. ‘का’ हा रकाना मी आग्रहानं घातला. दहापैकी मी पाहिलेल्या सात डब्यांत तो कोराच आहे.

त्या मुलाला पहिला डबा दिला. जुना ट्रान्सफॉर्मर मी टाकून दिला, नवा बसवला, मेनच्या भोकात बुश घातला आणि मल्टिमीटरनं प्लगच्या लांब पिनेपासून झाकणापर्यंत रोध मोजून दाखवला. ‘का’च्या रकान्यात मी माझ्या हातानं लिहिलं, की आधीच्या डब्याची अर्थिंगची वायर मीच कापली होती. त्यानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, “दादा, चहा घेणार ना?”

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो, तर नव्या डब्याखालीही चपला होत्या. सवय, म्हणाला. तळाच्या पत्र्याची हवेची भोकं त्यांनी पार बुजली होती आणि हीटसिंक चांगलाच तापला होता. पुढच्या दहा डब्यांचं ड्रॉइंग अजून वर्कशॉपमध्ये गेलेलं नाही. त्यात पायांची उंची १० वरून ३५ मिमी केली आहे.