चाक उतरवल्यावर

सुरतेत थांबलेलं यंत्र म्हणजे बुडालेली मजुरी. उधना, पांडेसरा, लिंबायत भागात माग दिवसपाळी आणि रातपाळी मिळून चोवीस तास चालतात, कारागिराला पैसे मीटरवर मिळतात, आणि खानदेशातून आलेल्या कितीतरी घरांचा संसार त्या मीटरवरच उभा राहिला. अशा शहरात वाढलेल्या माणसाला स्वस्थ बसण्याचा संकोच वाटतो. हौसेने सायकल चालवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या अंगातही तो मुरला आहे. हिवाळाभर ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करायच्या: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस आणि ६०० चाळीस तासांत. मग जूनच्या मध्याला पाऊस लागला, सापुताऱ्याचा घाट निसरडा झाला, की घरातल्या ट्रेनरवर तेवढाच घाम गाळायचा. सायकल मात्र चिखलासकट गॅलरीत उभी.

मला वाटतं, इथे आपण सायकल आणि शरीर या दोघांची काळजी उलटी घेतो. सायकलला हात हवा असतो, शरीराला मोकळीक. सायकल कितीही महिने ठेवून दिली तरी तिची झीज कणभरही भरून येत नाही. दमट, खाऱ्या हवेत उलट गंज चढतो. शरीराचं तसं नाही. व्यायामाने स्नायू दुखावतात, त्यांतली साठवलेली साखर संपते. ताकद वाढते ती नंतर, झोपेत आणि सुट्टीत. संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं की शरीर ताणाला आधी दचकतं, मग त्याच्याशी जुळवून घेतं, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी खचतं.

लांब पल्ल्याच्या स्वाराच्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येतात, कारण हँडलवर टेकलेल्या तळहाताच्या कडेची नस तासन्‌तास दाबली जाते. तिला बरं व्हायला आठवडे लागू शकतात, आणि तेवढे दिवस त्या जागी भार न देणं हाच मुख्य उपाय. सायकल सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला द्रव कमी होतो, दम लवकर लागतो; ही घट खरी आहे, पण ती भरून निघते. थांबायचं म्हणजे खाटेवर पडायचं असंही नव्हे. सायकलवर बहुतेक वजन सीट पेलते, त्यामुळे वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवणाऱ्यांच्या कण्याची हाडं विरळ होण्याचा धोका असतो. जिने चढणं, चालणं, थोडं वजन उचलणं पावसाळ्यातही जमतं, आणि हाडांना तेच हवं असतं.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. अशा शर्यतीत एक जण सायकलवर असतो तेव्हा दुसरा गाडीत विसावतो. त्या पराक्रमातला निम्मा वाटा झोपलेल्या भावाचा आहे, असं मी मनापासून मानतो.

आता सायकलकडे. घरातल्या वर्कशॉपला फार काही लागत नाही: पान्यांचा संच, हबचे कोन फिरवायचे पातळ पाने, रॉकेलची वाटी, ग्रीसचा डबा, जुनं सुती धोतर. पहिलं काम चेनचं. २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत मोजायच्या. नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात. इंचाचा सोळावा भाग वाढला असेल तर चेन बदलायची, आठवा भाग वाढला असेल तर फ्रीव्हीलचे दातेही गेलेले असतात. मग हब. मागच्या चाकात एका बाजूला पाव इंची नऊ छर्रे, पुढच्यात सहसा थोडे बारीक दहा. ते रॉकेलमध्ये धुऊन बोटांवर फिरवले की कुठला खरबरीत झालाय ते डोळ्यांआधी बोटांना कळतं. खरबरीत असले तर पुरा संच बदलावा. छर्रे दाबून धरणारा कोन आवळताना मात्र घाई नको. घट्ट झाला तर चाक दळतं, ढिला राहिला तर डुगडुगतं, आणि या दोन्हींमधली जागा पान्याच्या जेमतेम आठव्या फेऱ्याइतकी असते. रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला तर अख्खी दुपार हवी. रस्त्यावर आपण अंतर मोजतो. ही झीज चाक खाली उतरवल्याशिवाय दिसतच नाही.

विश्रांती आणि देखभाल एकत्र पाहायची दृष्टी आमच्याकडे पूर्वीपासून होती. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला बैल औताला जुंपायचा नाही आणि आदल्या दिवशी त्याचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद-तूप लावून चोळायचे. जू जिथे बसतं नेमकी तीच जागा. सुट्टी आणि देखभाल तिथे त्याच दोन दिवसांत बसवली होती. सुरतेतल्या खानदेशी घरांत आता मातीचे बैल पुजले जातात.

पण पाळीला जाणाऱ्या मागवाल्याच्या सायकलला ऑफ-सीझन नाही. जुलैच्या पाण्यातून ती रोज जाते आणि रोज येते. हब उघडायला तिला दिवसभर ठेवून घेतलं तर त्याने कामावर जायचं कसं? म्हणून माझं ठाम मत आहे की ज्यांनी घरी हौसेचं वर्कशॉप मांडलंय, त्यांनी आपली सायकल उरकल्यावर पुढचा प्रकल्प म्हणून नवा महाग गिअरसेट शोधू नये. मागवाल्यांच्या वस्तीतली जुनी काळी सायकल मागून आणावी आणि ती दुरुस्त होईतो आपली तिच्या मालकाला द्यावी. छर्रे, ग्रीस, ब्रेकचे रबर यांचा खर्च फारसा नसतो. गिअर नाहीत, म्हणून बाकीचं काम सरळ आहे. वेळ लागतो तो क्रँकचा गंजलेला कॉटर, म्हणजे क्रँक धरून ठेवणारी खीळ, काढायला. त्यावर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवावं.