सभागृहाला कुलूप

6 एप्रिल 1981 रोजी निपाणीत पुणे-बेंगळूर महामार्गावर पोलिसांच्या गोळ्यांनी बारा शेतकरी मारले गेले. 14 मार्चपासून तंबाखू उत्पादक तिथे रस्ता अडवून बसले होते. महामार्गावरच तळ पडला होता, चुली पेटत होत्या, भाषणं होत होती, आणि त्या तळाला लोकांनी आंदोलननगर असं नाव दिलं होतं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्यांचे नेते. मागणी एकच, तंबाखूला रास्त भाव. बिडीच्या तंबाखूवर निपाणीत वखारी उभ्या राहिल्या, पिकवणाऱ्याच्या घरात मात्र कर्ज राहिलं. त्याच वखारींत धुळीत बसून तंबाखू चाळणाऱ्या बायांनीही त्या काळात आपली संघटना उभी केली होती. सरकारने तीन आठवडे वाट पाहिली, मग जोशींना अटक केली आणि रस्ता मोकळा करायला बंदुका वापरल्या.

कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते आर. गुंडूराव. त्याआधी जुलै 1980 मध्ये नरगुंदला शेतकऱ्यांवर असाच गोळीबार झाला होता. दिल्लीचा वरदहस्त आहे तोवर राज्यात कुणाला उत्तर द्यायचं कारण नाही, अशा थाटात ते सरकार चालत होतं. जानेवारी 1983 च्या निवडणुकीत कर्नाटकात काँग्रेस पहिल्यांदा हरली. खुद्द गुंडूरावांनाही त्यांच्या मतदारसंघाने घरी बसवलं. त्या पराभवाला कारणं अनेक होती, पण नरगुंद आणि निपाणीचा संताप त्यात होता हे नक्की. निपाणीचा हिशेब मतपेटीत झाला, असं म्हणायला जागा आहे.

लोकशाहीवर लिहिणारे बहुतेक लोक इथे थांबतात. सत्तेचा माज वाढला, लोक चिडले, मतदान झालं, माज उतरला. निपाणी-बेळगावच्या सीमाभागातल्या मराठी माणसाला इथे थांबता येत नाही, कारण त्याने पुढची तीन वर्षंही पाहिली आहेत.

गुंडूरावांच्या जागी रामकृष्ण हेगडे आले. अभ्यासू, सभ्य, देशभर मान असलेले नेते. सत्ता खाली गेली पाहिजे हे त्यांनी नुसतं बोलून दाखवलं नाही. आपले पंचायत राज मंत्री अब्दुल नझीरसाब यांना सोबत घेऊन त्यांनी जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींचा असा कायदा केला की पुढे सगळ्या देशाने त्याचे धडे घेतले. याच हेगड्यांच्या राज्यात, कन्नड सक्तीविरुद्ध बेळगाव परिसर रस्त्यावर उतरला तेव्हा, 1 जून 1986 रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्या आंदोलनात नऊ माणसं गेली. बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दरवर्षी 1 जूनला लोक जमतात ते त्यांच्यासाठी.

या नऊ मृत्यूंनी हेगड्यांचं सरकार हललंही नाही. दोन वर्षांनी, ऑगस्ट 1988 मध्ये, त्यांना पद सोडावं लागलं ते दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणावरून. नेत्यांचे फोन ऐकले याची किंमत मोजावी लागली, नऊ गावकऱ्यांच्या जिवाची नाही. मी हेगड्यांना गुंडूरावांच्या पंगतीला बसवत नाही, ते अन्यायाचं होईल. पण चांगला माणूस खुर्चीत बसला म्हणजे खुर्ची आपोआप चांगली होते, या समजुतीला माझ्या दृष्टीने त्या दिवशी हिंडलग्याच्या रस्त्यावर मूठमाती मिळाली.

मग 1981 आणि 1986 मध्ये फरक काय होता? निपाणीत मेलेल्या शेतकऱ्यांच्या मागे सबंध राज्याचा शेतकरी उभा राहू शकत होता. बेळगावात मेलेल्यांच्या मागे राज्यात कुणीच नव्हतं. 224 आमदारांच्या विधानसभेत सीमाभागातले मराठी मतदार कुठलंही सरकार आणू शकत नाहीत आणि पाडूही शकत नाहीत. मतपेटी हा बहुसंख्यांच्या रागाचा उपाय आहे. संख्येने थोडे असलेल्यांना तो उपाय पुरत नाही. त्यांना आधार असतो तो लहान लहान संस्थांचा. जिथे आपण संख्येने कमी पडत नाही असं गावचं आणि शहराचं सभागृह, भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेने नेमलेला अधिकारी, न्यायालय. म्हणून या संस्था खिळखिळ्या झाल्या की पहिला मार थोड्यांना बसतो, आणि बहुसंख्यांना ते बराच काळ कळतही नाही.

न्यायालयापुरतं बोलायचं तर महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दोन दशकं उलटली, निकाल नाही. भाषिक अल्पसंख्याक आयुक्ताचं पद घटनेच्या 350-ब कलमाने निर्माण झालं, तेही 1956 सालीच, म्हणजे ज्या वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्याच वर्षी. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा अधिक आहेत तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, हे तेव्हापासून मान्य झालेलं आहे. मराठी परिपत्रकांची मागणी बेळगावात अजून करावी लागते, यावरून त्या आयुक्ताच्या शब्दाला किती वजन आहे ते समजतं. तो अहवाल लिहितो, अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. आदेश देण्याचा अधिकार त्याला नाही.

उरतं शहराचं सभागृह. बेळगाव महानगरपालिकेची कहाणी मला जास्त तपशिलाने सांगायची आहे.

ऑक्टोबर 2005 मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. तो ठराव पटणार नाही असे कितीतरी लोक बेळगावातच असतील, आणि त्यांना त्याविरुद्ध बोलण्याचा, मत देण्याचा पूर्ण अधिकार होता. झालं वेगळंच. महापौर विजय मोरे बेंगळूरला गेले असताना 11 नोव्हेंबरला त्यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. शहराच्या पहिल्या नागरिकाला राज्याच्या राजधानीत अशी वागणूक मिळाली. त्याच महिन्यात सरकारने महापालिकाच बरखास्त केली. पुन्हा 2011 मध्ये महापौर मंदा बाळेकुंद्री आणि उपमहापौर रेणू किल्लेकर बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्याच्या निषेधार्थ 1 नोव्हेंबरला पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत दिसल्या, आणि डिसेंबरमध्ये महापालिका दुसऱ्यांदा बरखास्त झाली. पहिल्या वेळी सरकार धरमसिंग यांचं होतं, दुसऱ्या वेळी सदानंद गौडांचं. पक्ष बदलले, हात तोच राहिला.

घटनेचं 243-यू कलम म्हणतं की बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक झाली पाहिजे. बेळगावात ती झाली मार्च 2013 मध्ये, पंधरा महिन्यांनी. त्यानंतरही नवे नगरसेवक महापौर निवडायला सभागृहात बसले ते सुमारे वर्षभराने. त्या सभागृहाची मुदत मार्च 2019 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली सप्टेंबर 2021 मध्ये. मधल्या अडीच वर्षांत काय काय होऊन गेलं आठवा. ऑगस्ट 2019 चा महापूर. करोनाच्या दोन लाटा. स्मार्ट सिटीसाठी उकरलेले रस्ते. शहापूरच्या किंवा अनगोळच्या माणसाने गटार तुंबलं, खाट मिळत नाही, टँकर आला नाही म्हणून ज्याच्या दारात जायचं, तो नगरसेवक त्या काळात अस्तित्वातच नव्हता. अधिकारी होते, त्यातले काही मनापासून राबले असतील. पण अधिकाऱ्याला पुढच्या निवडणुकीत मत मागायला गल्लीत यायचं नसतं.

सप्टेंबर 2021 मध्ये 58 पैकी 35 जागा भाजपने जिंकल्या. राज्यात सरकारही भाजपचंच होतं. तरी महापौरपदी शोभा सोमनाचे निवडून आल्या त्या 6 फेब्रुवारी 2023 रोजी. म्हणजे आपल्याच पक्षाचे नगरसेवक निवडून येऊनही सरकारने त्यांना सतरा महिने सभागृहात बसवलं नाही. हा सगळा भाषेचा झगडा आहे, असं आजवर समजत आलेल्यांनी या सतरा महिन्यांचा नीट विचार करावा. भाषा हे पहिल्या दोन वेळचं निमित्त होतं. तिसऱ्या वेळी निमित्ताचीही गरज पडली नाही. कुलूप लावायची सवय लागली की ते कुणाच्या दारावर लावतोय हे पाहण्याचं कारण उरत नाही.

याच राज्याने देशाला बोम्मई खटला दिला आहे. एप्रिल 1989 मध्ये एस. आर. बोम्मईंचं सरकार केंद्राने बरखास्त केलं. बहुमत सभागृहात सिद्ध करू द्या, ही त्यांची विनंती कुणी ऐकली नाही. ते न्यायालयात गेले, आणि 11 मार्च 1994 रोजी नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की सरकारकडे बहुमत आहे की नाही हे राजभवनात ठरत नाही, सभागृहात ठरतं. आज देशातलं प्रत्येक राज्य सरकार त्या निकालाच्या आडोशाने उभं आहे. दिल्लीने बेंगळूरशी जसं वागू नये असं कर्नाटकाने भांडून मिळवलं, तसंच बेंगळूर बेळगावशी वागत आलं. स्वायत्तता वरून मागायची आणि खाली द्यायची नाही, ही आपल्या संघराज्याची जुनी खोड आहे.

सभागृह उघडं असण्याला किती किंमत आहे हे 3 डिसेंबर 2024 च्या रात्री दक्षिण कोरियात दिसलं. अध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा जाहीर केला. सैनिक संसदेला वेढा घालत असताना खासदार भिंतीवरून उड्या मारून आत शिरले, आणि काही तासांत 190 विरुद्ध शून्य मतांनी त्यांनी तो हुकूम रद्द ठरवला. चार महिन्यांनी घटना न्यायालयाने अध्यक्षांना पदावरून काढलं. रस्त्यावर जमलेल्या लोकांचा राग त्या रात्री उपयोगी पडला, कारण त्या रागाला आत जायला एक सभागृह होतं.

आपल्याकडे आज काय आहे? कर्नाटकातल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 च्या उन्हाळ्यात संपली. त्याच वर्षी कायदा बदलून मतदारसंघ आखण्याचं काम राज्य निवडणूक आयोगाकडून काढून घेतलं गेलं आणि सरकारने नेमलेल्या वेगळ्या आयोगाकडे दिलं. तेव्हापासून चार वर्षं उलटली. भाजपचं सरकार गेलं, काँग्रेसचं आलं, निवडणूक आली नाही. बेळगाव जिल्हा पंचायतीची 90 माणसं कुठे बसत होती हे नव्या मतदाराला आठवणारही नाही. आणि बेळगावजवळच्या हलग्याला मात्र 2012 मध्ये उभं राहिलेलं सुवर्ण विधानसौध आहे. वर्षातून एकदा तिथे अधिवेशन भरतं. त्या दिवसांत महाराष्ट्र एकीकरण समितीला मराठी भाषिकांचा महामेळावा घ्यायचा असतो, आणि अलीकडे परवानगी नाकारून, जमावबंदी लावून, कार्यकर्ते ताब्यात घेऊन तो होऊ दिला जात नाही. आमदारांना बेळगावात आणायचं आणि बेळगावकरांना त्यांच्यासमोर येऊ द्यायचं नाही, असं तिथे घडतं.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाने मान डोलावून पुढे जाऊ नये. निपाणीहून तासाभरात कोल्हापूर येतं. त्या कोल्हापूरच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. मुंबई आणि पुण्याची 2022 मध्ये. प्रशासकांच्या हाती इतकी शहरं इतकी वर्षं राहिली की शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून फर्मावावं लागलं. ज्या राज्यात जाण्यासाठी आम्ही सत्तर वर्षं झगडतो आहोत, त्या राज्यानेही आपल्या शहरांना अशीच कुलपं लावली. कर्नाटकाला जाब विचारण्याचा महाराष्ट्राचा अधिकार त्यामुळे दुबळा झाला, हे मला दुःखाने लिहावं लागतं.

आणि समितीलाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1 नोव्हेंबरचा काळा दिन, 17 जानेवारीचा हुतात्मा दिन, 1 जून हे आमच्या रागाचे दिवस आहेत. त्या दिवसांचा मान राखलाच पाहिजे, त्यामागे माणसांचं रक्त आहे. पण जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीसाठी बेळगाव कधी बंद राहिलं का? सतरा महिने महापौर नव्हता तेव्हा मराठी आणि कन्नड नगरसेवकांना एकत्र घेऊन एखादी फेरी निघाली का? गटातटांत विभागलेल्या नेत्यांनी हा प्रश्न हाती घेतला असता, तर कन्नड शेजारीही सोबत आला असता, कारण गटार त्याच्याही दारात तुंबतं. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी बसलेल्या माणसाला कुणी मातृभाषा विचारली नव्हती.

एप्रिल 1925 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृतांच्या परिषदेसाठी निपाणीत आले होते. पुढे 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी बजावलं की कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. ज्या घटनेवर ते त्या दिवशी बोलत होते, तिच्यातच आज महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि निवडणूक वेळेत, असं लिहिलेलं आहे. ते पाळायला लावणं सीमा कुठेही आखली गेली तरी आपलंच काम राहणार आहे.

तेव्हा येत्या 1 नोव्हेंबरच्या फेरीत चालणाऱ्या प्रत्येकाला, आणि त्या दिवशी राज्योत्सवाची मिरवणूक काढणाऱ्या कन्नड बांधवांनाही, माझी विनंती आहे. बेळगाव जिल्हा पंचायतीची निवडणूक कोणत्या तारखेला होणार, हा प्रश्न आपल्या आमदाराला लेखी विचारा, आणि उत्तर लेखीच मागा.